गाय म्हणजे नळ नव्हे

मी ड्वेन कोवाल्के. विस्कॉन्सिनमध्ये गोठेवाल्यांना पंखे विकतो. बोलण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. बॉनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की लोक पंखा घेतात ते मी गप्प बसावं म्हणून.

यंदा कंपनीनं फर्मान काढलं, गिऱ्हाइकांना पत्रं एआयकडून लिहून घ्या. मी ऐटीत टाईप केलं, ‘गोठ्याच्या पंख्यांसाठी जबरदस्त पत्र लिही.’ क्षणात पत्र हजर! ‘आदरणीय भागीदार, आपल्या गाईंच्या स्वप्नांना पंख द्या.’ मला तर गहिवरून आलं. खालचा मजकूर न वाचताच सगळ्यांना पाठवून दिलं.

पहिला फोन आर्लीन स्ट्यूबेचा. टेकडीवरचा जुना गोठा तिचा.

“ड्वेन, कोण गेलं रे?”

“कुठं कोण गेलं?”

“मग मी एकदम आदरणीय कशी झाले? आणि दूध चाळीस टक्के वाढणार म्हणे! अरे, गाय आहे की नळ?”

चाळीस टक्के? खाली पाहिलं, तर खरंच लिहिलेलं. मी कधी सांगितलं नव्हतं, यंत्रानं आपल्या मनानं ठोकून दिलं होतं. अगदी माझ्यासारखंच.

बॉनीनं माझी ती एक ओळ वाचली. “शुक्रवारी तळलेले मासे मागवताना तू काय काय सांगतोस? पर्च मासाच हवा, बटाट्याची धिरडी हवीत, कोबी वेगळ्या वाटीत. आणि या बिचाऱ्याला नुसतं ‘लिही’?”

मग नीट बसलो. पत्र आर्लीनला, तिच्याकडे काय आहे, काय म्हणायचं, काय नाही. शेवटी लिहिलं, ‘काही कळत नसेल तर आधी मला विचार.’ यंत्रानं विचारलं, ‘उन्हाळ्यात आर्लीनची अडचण काय असते?’

वर्षानुवर्षं तिच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी ढोसली, पण बोलत होतो मीच.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि प्रश्न विचारून तोंड मिटलं. फार जड गेलं. आर्लीन संशयानं म्हणाली, “बरं नाही का तुला?” पण मग सांगू लागली. जुना पंखा इतका खडखडतो की गाई पश्चिमेच्या कोपऱ्यात जातच नाहीत. सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या, घामाघूम. तिला वारा नको होता, शांतता हवी होती.

घरी येऊन हे सगळं यंत्राला सांगितलं. ‘शेजाऱ्यासारखं, थोडक्यात लिही. स्तुती नको. मी न दिलेला आकडा नको. शेवटी एवढंच विचार, एक कमी आवाजाचा पंखा लावून बघायला आणू का?’

पत्र मिळताच आर्लीनचा फोन आला. “हे तू लिहिलंस?”

“अर्धं.”

“कुठलं अर्धं?”

“तुझं नाव.”

ती खळखळून हसली. “आण तुझा पंखा.”

मे महिन्यात तो लागला. आम्ही दोघं दारात उभे होतो. एक तपकिरी गाय पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत गेली, घुटमळली, मग पाय दुमडून खाली बसली. मला पुष्कळ बोलायचं होतं. आर्लीननं हळूच माझी बाही धरली, “आता गप्प. तिला झोपू दे.”