स्टॉप चुकला पाहिजे

माझी पूर्वा गाणी सुचवते. हो, सुचवते! कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर मी आधी सांगते, विमा कंपनीत आहे, स्वारगेटला ऑफिस, पर्मनंट. मग समोरचा जरा सैलावला की सांगते, दर शुक्रवारी संध्याकाळी ती मोबाइलसमोर बसून नव्या अल्बमबद्दल बोलते. तीही सिनेमातली गाणी नव्हेत. ज्यांच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही, स्वतःच लिहायचं, स्वतःच वाजवायचं, स्वतःच रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचं, असल्या पोरांची. इंडी रॉक म्हणतात त्याला. कुणी शिलाँगचे, कुणी चेन्नईचे, कुणी पार आइसलँडचे. आणि इकडे आमच्या कात्रजच्या घरात, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ही सांगणार, "हा अल्बम भांडी घासताना ऐकू नका, वाया जाईल." हजारो लोक ते ऐकतात. मला वाटायचं, लोकांना कामधंदे नाहीत.

तिची परीक्षा घ्यायची रीत ऐकाल तर हसाल. नवा अल्बम आला की सकाळी कात्रजला बसमध्ये चढताना कानात लावायचा. स्वारगेटला भानावर राहून उतरली, तर अल्बम नापास. स्टॉप चुकला आणि बस हिला घेऊन पुढे गेली, तर पास. एकदा जम्मूच्या कुणा पोरांपायी ही थेट शिवाजीनगरला पोचली, साहेबाची बोलणी खाल्ली आणि संध्याकाळी घरी आली ती पेढे घेऊन! मी म्हटलं, "बाई गं, नोकरी गेली तर हा बँड पोसणार आहे का तुला?" तर म्हणते, "आई, माझं मन मला फसवेल. बस नाही फसवत."

धाकटा आयुष गिटार वाजवतो आणि गातो. चौघांचा बँड आहे, नाव 'उद्या पाणी नाही'. अहो, हे बँडचं नाव की महापालिकेची सूचना? पण त्यापायी पोराने चांगली नोकरी सोडली, रात्रंदिवस घासलं आणि गेल्या उन्हाळ्यात पहिला अल्बम काढला. आता सगळ्या जगाच्या पोरांची वकिली करणारी बहीण घरातच. ती भावाचं नाव घेणार, यात कुणाला शंका? मी नात्यातल्या झाडून सगळ्यांना फोन केले. "जयभीम, शुक्रवारी संध्याकाळी पूर्वाचं बघा बरं का, आपल्या आयुषचं आहे."

शुक्रवार आला. पूर्वा कोचीच्या कुठल्याशा बँडबद्दल बोलली आणि मोबाइल बंद केला. आयुष दारात उभा होता.

"आणि माझा?"

"ऐकला," ती म्हणाली. "मी स्वारगेटला उतरले."

पोराचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवसापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. जेवायला दोघं समोरासमोर, आणि हा मला म्हणणार, "आई, तिला सांग मीठ दे." मीठ तिच्या हाताशी, ती त्याच्या नाकासमोर! मी काय पोस्टमन आहे?

शेवटी मी भडकलेच. "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा! दोन शब्द बरे बोललीस तर जीभ झडणार आहे का? तुझ्या शब्दाशिवाय कोण ऐकणार आहे त्याला?"

तिने शांतपणे डबा भरला. "आई, आजोबा काय म्हणायचे?"

ते मला झोंबलं. माझे वडील धोंडिबा, ते भीमगीतांच्या गायन पार्टीत बुलबुल, म्हणजे बुलबुलतरंग, वाजवायचे. भीमजयंतीच्या दिवसांत वस्तीवस्तीत कार्यक्रम असायचे. त्यांचा नियम होता, घरच्यांच्या टाळ्या मोजायच्या नाहीत. मी पहिल्यांदा स्टेजवर गायले तेव्हा आईने टाळ्यांनी हात लाल करून घेतले. मी आनंदाने वडिलांकडे पाहिलं, तर म्हणाले, "शालन, तू नुसती खोकली असतीस तरी तिने वाजवल्या असत्या. मागच्या रांगेत बघ." मागच्या रांगेत लोक चहा पीत होते. पुढच्या जयंतीपर्यंत मी रोज पहाटे उठून रियाज केला, आणि मागची रांग उठून उभी राहिली.

"आजोबांचा जमाना वेगळा होता," मी म्हटलं.

"बसचा तोच आहे," पूर्वा म्हणाली आणि चप्पल घालून गेली. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही हं. डोळे भरलेले मी पाहिले होते. पण बाई हटायला तयार नाही.

मग मीही तिचीच आई. ठरवलं, आपण स्वतः बसमध्ये बसायचं, आयुषचा अल्बम ऐकायचा, स्टॉप चुकवायचा आणि हिचं तोंड बंद करायचं.

खिडकीची जागा मिळाली. पहिली गाणी सगळी इंग्रजीत. आयुषचा आवाज वेगळाच, घसा ताणलेला, जसा काही दुसऱ्या कुणाचा सदरा घातलाय. धनकवडीला मी दुकानाबाहेर टांगलेल्या साड्या पाहिल्या. बालाजीनगरला शेजारणीच्या पिशवीतली मेथी बघून रात्रीची भाजी ठरवली. मग एक गाणं मराठीत लागलं आणि त्यात बुलबुल वाजला. माझ्या वडिलांचा! माळ्यावरून कधी काढला होता कोण जाणे. आयुष अगदी हळू गात होता, आम्ही पाळण्यात घालायचो तेव्हा हुंकार द्यायचा त्याच आवाजात. ते संपलं तेव्हा पद्मावतीचा स्टॉप कधीच मागे पडला होता. मी सरसावून बसले. पण पुढे पुन्हा तोच ताणलेला घसा.

स्वारगेट आलं. मी पिशवी काखेत मारली, उतरले. फुटपाथवर पाय टेकला आणि लक्षात आलं, अगं बाई, उतरले की मी! जन्मदाती आई, आणि बरोबर स्टॉपवर उतरले. तिथेच उभी राहून रडले. रिक्षावाला विचारत होता, "मावशी, कुठे जायचंय?" काय सांगणार त्याला?

घरी येऊन आयुषला समोर बसवलं. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवला मी. पोर रडतंय म्हणून सुई कधी मागे घेतली नाही.

"मीही स्वारगेटला उतरले," मी म्हटलं.

"तू पण?"

"मी पण. मात्र बुलबुलच्या गाण्यात पद्मावती चुकली."

"ते गाणं आम्ही घेणारच नव्हतो. सगळे म्हणाले, फार घरगुती वाटतं."

"मग बाकीची कुणाच्या घरची आहेत?"

खोलीचं दार धाडकन लागलं. दोन दिवस माझ्याशीही अबोला. तिसऱ्या दिवशी बाहेर आला आणि म्हणाला, "आई, पुन्हा करणार. सगळा." बँडमधला एक जण वैतागून सोडून गेला. बाकीचे कुरकुरले. आयुष ढिम्म. पहाटे उठून बुलबुल घेऊन बसायचा, शेजारचे भिंत ठोकायचे, मी उलट भिंत ठोकायची. पूर्वा आपल्या खोलीतून ऐकायची, पण एक शब्द बोलली नाही.

थंडी सुरू झाली. एका सकाळी त्याने पूर्वाच्या डब्याशेजारी आपले हेडफोन ठेवले आणि पाठ फिरवून चहा पीत बसला. ती हेडफोन उचलून गेली. माझं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं. मग फोन वाजला.

"आई, मी शिवाजीनगरला आहे." आवाज रडका. "त्याला सांगू नकोस. आपल्या टाळ्या नंतर."

शुक्रवारपर्यंत मी तोंड कसं आवरलं, ते माझं मला माहीत. शुक्रवारी पूर्वा मोबाइलसमोर बसली. "हा माझ्या सख्ख्या भावाचा बँड आहे, तेव्हा माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बसमध्ये बसा, कानात लावा, आणि कुठे उतरलात ते कळवा."

रविवारी दुपारी पूर्वा आमटी ढवळत होती. आयुष मोबाइल घेऊन धावत स्वयंपाकघरात आला.

"ताई, हे ऐक! एक जण एसटीने साताऱ्याला उतरणार होता, तो कऱ्हाडला पोचला! शिव्या घालतोय आपल्याला!"

ताई. किती महिन्यांनी! पूर्वाचा हात थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही, डोळे तेवढे पुसले.

"मीठ दे," ती म्हणाली.

त्याने दिलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.