बिननावाचं पाणी

विमान देशाच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला उतरलं तेव्हा लख्ख ऊन होतं आणि मी स्वेटर, शाल, कानटोपी अशा जय्यत तयारीत होते. "आई, उन्हाळा आहे गं!" लेक म्हणाली. असला उन्हाळा यांचा यांनाच लखलाभ! माझी गार्गी याच देशात, पण उत्तरेकडच्या बेटावर, लोअर हटला राहते आणि पाण्यातली विषं शोधते. तिच्या घरात बसून मी कंटाळले होते, म्हणून ती कामासाठी इकडे निघाली तशी मीही मागे लागले.

वाटेत एका डेअरीत (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) आपल्या पॅटिससारखा गरम चीज पाय घेतला. त्यातला निम्मा माझ्या शालीने खाल्ला. मेंढ्या, गाई, पुन्हा मेंढ्या असं करत डांबरी रस्ता संपला आणि जुनी खाण आली. कॅनडात वाळूतून तेल काढतात, तसं इथे दगड भाजून काढत. खाण बंद पडली, सांडपाण्याचं तळं मात्र राहिलं.

मी तळ्याच्या काठाशी गेले. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. वास नाही, शेवाळ नाही. पलीकडच्या काठावर नारिंगी कपड्यांतली माणसं उभी होती. मी हात हलवला. कोणीच उत्तर दिलं नाही.

"बुजगावणी आहेत ती," गार्गी म्हणाली. "पाण्यावर पक्षी उतरू नयेत म्हणून."

तेवढ्यात मोठा बार झाला. तोही पक्ष्यांसाठीच, आपोआप उडणारा. आवाज टेकडीवर आपटून परत आला, पण एकही पाखरू उडालं नाही. उडायला कोणी नव्हतंच. मला त्या जागेची सरळ भीती वाटली.

गार्गी लांब हातमोजे घालून बाटल्या भरत होती. "काय आहे गं यात?" मी विचारलं.

"तेच तर शोधतेय. शिसं, आर्सेनिक, नेहमीच्या टेस्ट सगळ्या नॉर्मल. पण यात माशांची अंडी ठेवली की मरतात. तेलातून आलेली हजारो रसायनं एकत्र आहेत. पाण्याचे भाग पाडायचे, अंडी ज्या भागात मरतील तो पुन्हा फोडायचा. मारणारं नक्की कोणतं ते कळल्याशिवाय ते खालच्या ओढ्यात उतरलंय का, हे तपासणार कसं? तोवर 'मासे खाऊ नका' असं मला लिहून देता येत नाही."

खालच्या ओढ्याकाठी मेरे नावाची माओरी बाई राहते. साधारण माझ्याच वयाची. "किआ ओरा!" म्हणत तिने आम्हाला घरात नेलं. शनिवारी तिच्याकडे सगळं व्हानाउ (गोतावळा) जमणार होतं. पाहुण्यांना ओढ्यातली टुना वाढायची, ही त्यांच्या घराण्याची शान. टुना म्हणजे डब्यातला मासा नव्हे, आपली वाम.

"मग, वाढू ना शनिवारी?" तिने गार्गीला विचारलं.

"आमच्या टेस्टमध्ये अजून काही सापडलेलं नाही," गार्गी जपून म्हणाली.

"स्वीट ॲज!" (म्हणजे झकास!) म्हणत मेरेने धुरी दिलेल्या वामीचे तुकडे आमच्यापुढे ठेवले. मी मूळची मालवणची. त्यातून यजमानिणीने प्रेमाने वाढलेलं नाकारायचं, हे आमच्या घरात कोणी शिकवलंच नाही. मी तुकडा उचलला.

गार्गीने माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की तुकडा ताटलीत पडला.

वर तळ्याकडे पुन्हा बार झाला. मेरे गार्गीच्या हाताकडे बघत होती. मग ती उठली आणि ताटली उचलून घेऊन गेली. परत आली ती दुकानातल्या बिस्किटांचा पुडा घेऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लेकीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

परतीच्या विमानात गार्गी एवढंच म्हणाली, "मी असं करायला नको होतं." मी म्हटलं, "बरं झालं केलंस."

आता मी पुण्यात आहे. त्या हजारो रसायनांतलं ते मारणारं एक अजून सापडलेलं नाही. परवा गार्गीचा फोन आला, तेव्हा मेरेच्या शनिवारचं कळलं. चिकन केलं होतं म्हणे. ऑकलंडहून आलेल्या म्हाताऱ्या मावशीने बसल्याबसल्या विचारलं, "टुना कुठाय?"

"पाण्यात काहीतरी आहे," मेरे म्हणाली.

"काय आहे?"

मेरेने तिच्या ताटात चिकन वाढलं.