एक शीट कमी

किसनकाका एसटीत कंडक्टर होते आणि माणसं, त्यांच्या भाषेत 'शीट', मोजल्याशिवाय त्यांनी कधी डबल बेल दिली नाही. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. दारव्ह्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी बाकावरची माणसं मोजली, मगच पिशवीतून वही काढली. "माह्या प्रवासाचं पुस्तक करून दे. यातला मानूस गाळू नको," म्हणाले.

वही वाचता वाचता मी वेडाच झालो. काकांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून गावोगाव पोचवायचे. त्याच जुन्या वाटेनं काका, त्यांची थोरली बहीण सोनाबाई आणि मित्र उत्तम असे तिघं, दोन बैल घेऊन, तांड्यापासून समुद्रापर्यंत पायी गेले होते. घाटात बैल अडले. काका घाबरून खाली बसले. सोनाबाईंनी पुढच्या बैलाचा कासरा धरला आणि त्याच्याकडे तोंड करून, गाणं म्हणत, अख्खा घाट उलट्या पावलांनी उतरल्या. ते पान टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला होता.

पुस्तक छापून आलं आणि त्यावर सिनेमा निघणार म्हटल्यावर आम्ही हरखून गेलो. सिनेमावाले तांड्यावर आले त्या दिवशी मी तिथंच होतो. त्यांनी पुस्तक नुसतं चाळलं आणि म्हणाले, तुम्हीच सांगा. काका रंगात आले. "आमी चढलो, आमी उतरलो," सांगत सुटले. पाहुण्यांच्या बैठकीत बायांनी बसायची त्यांच्या घरची रीत नाही, म्हणून सोनाबाई आत चहा करत होत्या.

यवतमाळला पहिल्या खेळाला चार जीपा भरून तांडा आला. सोनाबाईंनी ठेवणीतली आरशांची ओढणी काढली होती. वाचता येत नसलं तरी भावाकडून त्यांनी पुस्तक दोनदा ऐकलं होतं. घडीघडी विचारत होत्या, "भिया, मी कवा येईन?"

सिनेमा देखणा होता, हे कबूल. पुस्तकात एका ओळीत संपलेली पहाट पडद्यावर अशी उगवली की मी चक्क शिट्टी मारली. काका मात्र बोटांवर मोजत होते. "तिघं निघालतो ना आमी? मंग हे दोघंच काहून चालून राह्यले? एक शीट कमी हाय."

मग घाट आला. पडद्यावरच्या काकांनी कासरा धरला, ढोल वाजले, थिएटर टाळ्यांनी दणाणलं. सोनाबाईही टाळ्या वाजवत होत्या. मध्येच त्यांचे हात थांबले.

"तू त खाली बसलता ना रे?" त्या हळूच म्हणाल्या.

मध्यंतराचे दिवे लागले तसे काका पुस्तक घेऊन तडक पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सिनेमावाल्याइची चुकी नाही, माही हाय," ते खड्या आवाजात बोलले. "सांगताना मी नुसतं आमी-आमी केलं. बहिनीचं नाव नाही घेतलं."

त्यांनी घाटाचं पान वाचलं. 'मी खाली बसलो' हे वाक्य दोनदा वाचलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, ते गानं म्हना!" सोनाबाई आधी लाजल्या, मग उठल्या आणि भावाशेजारी उभं राहून त्यांनी तेच गाणं म्हटलं. खारेदाणेवालासुद्धा दारात थबकला.

गाणं संपल्यावर काकांनी उत्तमलाही पुढं बोलावलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग उत्तमकडे दाखवलं, मग बहिणीकडे. तीन भरले तेव्हा त्यांनी वर मशीनवाल्याच्या खिडकीकडे पाहिलं.

"चला," म्हणाले, "आता सोडा गाडी."