दाभणकाका आणि सदतिसावं पान

दाभणकाका हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. पुस्तकं शिवायचं दाभण ते कानामागे खोचत आणि मग घरभर शोधत फिरत. "कानाला विचार की!" असं त्यांची थोरली बहीण आतून ओरडायची. काकांनी लग्न केलं नाही. ताईचा नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि तेव्हापासून दोघांचं भांडण अखंड चालू होतं. दोघांची तब्येत त्यावरच टिकून होती म्हणा ना.

पुढच्या खोलीत बाईंडिंगचं काम चाले. खिडकीपाशी पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, भिंतीला टेकवलेले पुठ्ठे, कोपऱ्यात खळीचं पातेलं. घराला कायम त्या खळीचा आंबूस वास. वर्षाचं निम्मं काम शाळेच्या ग्रंथालयातून येई. काका त्याच शाळेत शिकले होते, आणि तिथलं फाटकं पुस्तक ते आजारी नातलगासारखं घरी आणत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पान गहाळ झालं नव्हतं. अभिमान म्हणावा असा तेवढा एकच त्यांच्यापाशी होता.

एका दुपारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, त्यांना बोलावलं. टेबलावर एकाच कादंबरीच्या बारा प्रती होत्या. अमेरिकेतली जुनी गोष्ट, मराठीत आणलेली. नदीकाठच्या गावातला एक उनाड पोरगा गावातल्या प्रतिष्ठितांकडे टकमक बघतो आणि जे दिसतं ते सांगून टाकतो, एवढंच तिचं कथानक. पुस्तकांवर एक चिठ्ठी होती : नऊ आकडे, आणि खाली शाळेच्या चिटणीसांची सही.

"ही पानं काढून पुस्तकं नव्यानं बांधायची आहेत," बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसांची टवाळी आहे म्हणे. शुद्ध आवृत्ती करायची."

"पुस्तकाची पानं काढायची? मी?"

"मला काही विचारू नका काका. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे."

नाही म्हटलं तर शाळेचं काम गेलं, हे बाईंना ठाऊक होतं आणि काकांनाही. गठ्ठा खांद्यावर टाकून ते घरी आले.

पहिली प्रत त्यांनी उसवली, पात्याने सदतिसावं पान कापलं आणि बाजूला ठेवलं. लगेच त्रेचाळिसावं पान सुटून मांडीवर पडलं. पडणारच. शिवलेल्या पुस्तकात दोन पानं म्हणजे मध्ये दुमडलेला एकच कागद. एकाला हात लावला की जोडीदार निराधार होतो.

सदतिसाव्या पानावर दयेची प्रार्थना करून गावातली प्रतिष्ठित माणसं चर्चबाहेर पडतात आणि पायरीवरच पळालेल्या गुलामाला पकडायचा बेत करतात. त्रेचाळिसाव्यावर तोच पोरगा त्या गुलामाला आपली भाकर अर्धी तोडून देतो. हा दुसरा उतारा चिटणीसांना तोंडपाठ होता. प्रत्येक भाषणात ते तो म्हणत आणि म्हणताना डोळे मिटत.

काकांनी कापलेलं पान उजेडात धरलं. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'आपल्याकडेही हेच! – बेडूक.'

बेडूक म्हणजे शाळेत काकांच्याच बाकावर बसणारा, वर्गात डरावडराव करून मास्तरांना हैराण करणारा मुलगा. तोच आताचा चिटणीस.

"ताई, हे बघ."

ताईने चष्मा लावून वाचलं. "अगोबाई! याला तेव्हा डोळे होते की!"

दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन काका चिटणीसांच्या खोलीत गेले. खोली थंडगार होती. टेबलावर पाण्याचा भरलेला जग. खिडकीतून शाळेचं फाटक दिसत होतं. त्यावर चिटणीसांनीच लावलेली पाटी होती, 'दया हाच धर्म', आणि पाटीखालच्या नळाला कुलूप होतं. समोर इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या मजुरांची पोरं पाणी प्यायला येत, नळाशी चिखल होई, म्हणून ते कुलूप. आताही दोन मुली रिकामी बाटली घेऊन उभ्या होत्या.

"साहेब, सदतीस काढलं की त्रेचाळीस सुटतं. आपलं भाषणातलं पान."

"मग चिकटवा की. तुमचा धंदा काय आहे?"

काकांनी पान पुढे सरकवलं. चिटणीसांनी समासातलं वाचलं. क्षणभर त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, तोच जुना कोपरा. मग त्यांनी उठून दार लावलं.

"काय येडे होतो रे आपण! हे आधी फाड."

"खोटं लिहिलं होतंस का?"

"तेव्हा मी चिटणीस नव्हतो, दाभण्या." ते हसले. "बस, पाणी पी."

काकांनी पुढ्यात आलेल्या पेल्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. नासक्या दुधाचा घोट तोंडात यावा तशी त्यांना शिसारी आली. पान उचलून ते न पिताच उठले.

घरी येऊन त्यांनी उरलेल्या अकरा प्रतींना नवे पुठ्ठे घातले, नवी शिलाई केली. आतलं एक पानही काढलं नाही. कापलेली बारावी प्रत तेवढी घरीच ठेवली. ती डोळ्यांसमोर आली की त्यांना आपल्याच हाताची किळस वाटे.

"आणि उघडून पाहिलं कुणी तर?" ताईने विचारलं.

"मग सांगेन."

"बघू हं. एरवी भाजीवाल्यापुढे तुझं तोंड उघडत नाही."

शनिवारी शाळेच्या सभागृहात शुद्ध आवृत्तीचा कार्यक्रम झाला. चिटणीसांनी एक प्रत तळहातावर तोलली. "बघा, घाण गेली तसं कसं हलकं झालं!" लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी आपापली प्रत मांडीवर घेतली, नव्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग डोळे मिटून चिटणीसांनी भाकरीचा उतारा म्हटला. एका बाईंनी डोळे पुसले.

"या स्वच्छतेचं श्रेय आमच्या दाभणकाकांना! आणखी दोन शाळांनी त्यांना हेच काम द्यायचं ठरवलं आहे."

टाळ्या सुरू झाल्या. मंचावर उभ्या काकांना प्रत्येक टाळी थुंकी उडावी तशी लागत होती. गप्प राहिलं तर दोन शाळांची पुस्तकं आणि एकतीस वर्षं, सगळंच त्या पात्याखाली जाणार होतं. त्यांनी माईक धरला.

"मी पानं काढलेली नाहीत. या अकरा प्रतींत सगळं जागच्या जागी आहे. सदतिसावं पान उघडून बघा."

पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्याचा अंगठा पुठ्ठ्याच्या कडेवर आला. त्याने चिटणीसांकडे पाहिलं आणि अंगठा हळूच मागे घेतला. कुणीही उघडलं नाही.

चिटणीस मोठ्याने हसले. "काका लहानपणापासून असेच! केलेलं कामसुद्धा स्वतःचं म्हणणार नाहीत. याला म्हणतात नम्रता!"

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात.

"बेडका, उघड ना," काका हळू आवाजात म्हणाले.

"घरी जा, दाभण्या," हसरा चेहरा तसाच ठेवून चिटणीस पुटपुटले.

घरी ताई दारातच उभी होती. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

ताईने तोंड वाकडं केलं, पण त्या दिवशी भांडली नाही. भावाच्या हातांवर पाणी घालत राहिली. हात स्वच्छच होते, तरी काका चोळत राहिले.

शाळेचं काम बंद झालं, हे सांगायला शिपाई आला. ताईने त्याला चहा पाजला आणि गेल्यावर चिटणीसांचा यथेच्छ उद्धार केला. काकांनी बारावी प्रत पुढ्यात ओढली. सदतिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या पानाच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी लावून दोघांना पुन्हा एक केलं, खळ वाळू दिली, दाभणाने जुन्याच भोकांतून दोरा ओवला.

सोमवारी ते स्वतः ती प्रत घेऊन गेले. मोठ्या बाईंनी दाराकडे एकदा पाहून पुस्तक उघडलं आणि सदतिसाव्या पानाशी थांबल्या. समासातलं वाचून त्यांनी विचारलं, "हा बेडूक कोण हो?"

"होता एक मुलगा," काका म्हणाले. "वाचायचा फार चांगला."