डाव्या खांद्यावरचा डाग

हमीदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परगावी बहिणीकडे होते. तिची शेजारीण रडत होती. "टीचर, सकाली आपा उठलीच न्हाय..." हार्ट बंद पडलं. मी भिवंडीत पोचेपर्यंत जनाजा निघून गेला होता. तिचा एकुलता एक मुलगा फैसल कुवेतहून आला तो तिसऱ्या दिवशी.

आमच्या गल्लीचे कपडे हमीदा शिवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हिची जीभ मशीनपेक्षा जोरात. गेल्या वर्षी तिच्या थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग आयोडीनचा किरणोत्सारी डोस पाजून तिला हॉस्पिटलात एकटीला ठेवलं. कोणी जवळ जायचं नाही. बडबड्या बाईला याहून मोठी शिक्षा कुठली? वेळ जाईना म्हणून ती तुरपाई करत बसली. दोरा दातांनी तोडायचा आणि ओला तुकडा डाव्या खांद्यावर चिकटवायचा, ही तिची जुनी खोड. स्कॅनमध्ये नेमका डावा खांदा चमकला. कॅन्सर हाडात पसरला असावा, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी कुवेतला फोन लावला.

फैसल मिळेल त्या विमानाने आला. आईला बोंबील तळून घालायचा, पाय चेपायचा, शेजारी सतरंजी टाकून झोपायचा. हमीदा अशी खुलली, की मलाच कळेना आजारी कोण आहे! मग अंघोळ घालून, कपडे बदलून दुसरा स्कॅन झाला. खांदा स्वच्छ. ते आयोडीन लाळेतही उतरतं, लाळ कपड्याला लागली तरी डाग दिसतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आम्ही पेढे वाटले. फैसलने त्याच संध्याकाळी परतीचं तिकीट काढलं.

तो गेल्यावर ती म्हणाली, "डाग आनखी पंधरा दिस राहता तर काय बिघडलं असतं गो?" "काहीतरीच काय बोलतेस!" म्हणून मी विषय बदलला. त्यानंतर ती फार बोलेनाशी झाली... आणि मला तिच्या गप्प बसण्याची सवय झाली.

परवा फैसल तिच्या स्वयंपाकघरात नुसता बसून होता. म्हणाला, "मावशी, खरं सांग. तो डाग लाळेचाच व्हता ना? माझ्यापासून काय लपवलं तर न्हाय तुम्ही?"

"नाही रे. तुझी अम्मी कॅन्सरमधून पूर्ण बरी झाली होती."

त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. तो गेल्यावर ती काय म्हणाली होती, ते मी बोलले नाही. तो मराठी पेपर वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.