वाकड्या ओळींचा गहू

आमच्या तातोंना, म्हणजे माझ्या वडिलांना, जन्मात एकही सरळ ओळ पेरता आली नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या माळावर ना डोंगर, ना ओढा, ना वळण घ्यायला कसलं निमित्त. तिथे गव्हाची ओळ वाकडी काढायची तर अंगात कला हवी. ती तातोंच्या अंगात पुरेपूर होती.

आमच्याकडे माणसाची पारख रस्त्याकडेच्या शेतावरून होते. आतली शेतं कशीही पेरा, कुणी बघायला येत नाही. रस्त्याकडेच्या ओळी मात्र दोरी लावल्यासारख्या लागतात. गहू उगवला की चर्चमधून परतणारी भाविक मंडळी गाड्या हळू करतात आणि कोण प्यायला लागलाय, कुणाचं बायकोशी बिनसलंय, याचा निकाल जागच्या जागी लावून टाकतात. आमच्या शेतापाशी तर गाडी थांबवूनच बघत.

कारण अगदी साधं होतं. पेरणी चालू असताना रस्त्यावरून जो जाईल त्याला हात केल्याशिवाय तातोंना चैन पडत नसे. हात म्हणजे नुसता हात नाही. ट्रॅक्टरवर अर्धवट उभं राहायचं, मान मागे वळवायची आणि गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहायचं. तेवढ्यात ट्रॅक्टर आपल्या मर्जीने जाई, मागची पाभर त्याच्यामागे जाई, आणि पंधरवड्याने गव्हात तिथे एक बाक उगवे. मग ते मला हौसेने शेत दाखवत. हा बाक पोस्टमनचा, हा पाद्रीबाबांचा, आणि तो तिकडचा भलामोठा तुझ्या मावशीचा, तिने थांबून गप्पा मारल्या होत्या.

आईला यातली गंमत कळत नसे. आईला त्यांच्या बऱ्याच गमती कळत नसत. एका वर्षी गारांनी उभं पीक झोपवलं. शेजारीपाजारी डोक्याला हात लावून बसले होते, आणि आमच्या थोर पुरुषाने काय करावं? गारा बादलीत भरल्या, त्यात दुधाचा डबा फिरवून आइस्क्रीम केलं आणि सगळ्यांना खायला बोलावलं. आई संध्याकाळभर बोलली नाही. दोन वाट्या खाल्ल्या तिने, पण बोलली नाही.

आमच्या बांधाला लागून हाल्वर ट्वेट यांचं शेत. घराणं नॉर्वेकडचं, वागणं कडक. त्यांच्या ओळी बघायला लोक पाहुण्यांना घेऊन येत. पेरताना मान वळवायची नाही आणि रविवारी कामाला हात लावायचा नाही, हे त्यांचे दोन नियम. रविवारी गाईचं दूध काढतानासुद्धा चेहरा असा की देवाची माफी मागताहेत. तातो बांधापलीकडून उभा जन्म त्यांना हात करत आले आणि हाल्वरकाकांनी एकदाही उलट हात केला नाही. तातोंच्या मते तो माणूस लाजरा होता. आईच्या मते घमेंडखोर.

मग एका मे महिन्यात, ऐन पेरणीत, तातोंचं हृदय बिघडलं. वेळ साधण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात ठेवलं. इकडे रिवाजाप्रमाणे कुणी कुणाला न विचारता शेजारी आपापले ट्रॅक्टर घेऊन आले आणि दोन दिवसांत आतली सगळी शेतं पेरून गेले. आई पातेली भरभरून पिरोही, म्हणजे आमच्या युक्रेनकडच्या बटाट्याच्या करंज्या, उकडत होती आणि एरवी ज्यांना नावं ठेवायची त्यांनाच आग्रह करकरून वाढत होती. रस्त्याकडचं शेत मात्र तसंच राहिलं. ओरेस्टचं, म्हणजे आमच्या तातोंचं, ते शेत पेरायला कुणाचा हात धजेना.

हाल्वरकाका टोपी हातात घेऊन हॉस्पिटलात आले आणि म्हणाले, ते शेत मी पेरतो.

"नको," तातो म्हणाले. "तू पेरलंस तर सरळ उगवेल. मग जाणारा-येणारा प्रत्येक जण म्हणेल, ओरेस्ट गेला."

"मला वाकडं पेरता येत नाही."

"मग राहू दे. मी येतो चार दिवसांत."

चार दिवसांत ते कुठेही जाणार नव्हते. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन तसं सांगितलं होतं. तातोंना बहुतेक न सांगताच कळलं असावं, कारण हाल्वरकाका गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. नर्सची चेष्टा नाही, जेवणाला नावं ठेवणं नाही. जन्मभर त्यांच्या विनोदांना वैतागलेली मी, त्या शांततेला घाबरले.

रविवारी आम्ही चर्चहून परतलो तर ते शेत पेरलेलं. कुणी पेरलं, कुणीच पाहिलं नव्हतं. अख्खा मुलूख त्या वेळी चर्चमध्ये होता. संध्याकाळी हाल्वरकाकांचे पाद्री आमच्याकडे चौकशीला आले. ट्वेट आज आले नाहीत, आजारी तर नाहीत ना? आई म्हणाली, असतील.

मी तातोंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सरळ आहे?" काळ्या मातीवरून काय सांगणार? "उगवलं की बघून ये," ते म्हणाले. त्यानंतर मी रोज त्या बांधावर जाऊन उभी राहायची. तिकडे ते दिवसागणिक खंगत होते आणि गहू आपल्या सवडीने येत होता.

एका सकाळी शेत हिरवं झालेलं दिसलं. मी तडक हॉस्पिटल गाठलं.

"वाकडंय, तातो. अगदी तुमच्यासारखं."

त्यांनी डोळे उघडले. "कुठे कुठे?"

मी सांगत गेले. रस्त्याखालच्या मोरीपाशी एक, पत्रपेटीसमोर एक, आणि हाल्वरकाकांच्या बांधाला लागून सगळ्यात मोठा. ते हसायला लागले, खोकेपर्यंत हसले. मग एकदम थांबले.

"रविवारी सकाळी? रस्त्यावर चिटपाखरू नसतं गं तेव्हा. हात कुणाला केला त्याने?"

त्यांनी बाहीला डोळे पुसले आणि नर्सला हाक मारून सांगितलं की आजचं सूप पिण्यापेक्षा मेलेलं बरं. दोन दिवसांनी त्यांनी ते खरं केलं.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सँडविच खाता खाता पुरुषमंडळींनी अपेक्षेप्रमाणे शेताचा विषय काढलाच. कुणी म्हणालं, हॉस्पिटलातून पळून येऊन ओरेस्टनेच पेरलं असणार, दुसऱ्या कुणाला असं जमणार? सगळे हसले. मी हाल्वरकाकांकडे बघितलं.

"त्याचंच काम," ते बशीतून मान वर न करता म्हणाले. "सरळ कधी आलंच नाही त्याला."