गुलाल लागलेलं झाकण

मिरजेला गाडी बदलली तेव्हापासून मला एका जागी बसवेना. दक्षिणेत समुद्रकाठी आमची अंतराळ संस्था आहे. तिथे काही वर्षं खपून केलेलं माझं उपकरण लवकरच अग्निबाणातून वर जायचं होतं, आणि ऐन चाचणीत त्याचं झाकण तडकलं. नवं वेळेत मिळालं नाही तर अग्निबाणातली माझी जागा दुसऱ्या गटाला. कचेरीतून मागवायचं म्हणजे कागद फिरतच राहणार. म्हणून कोल्हापूरच्या आबा मिस्त्रींकडे दोन झाकणं ओतायला टाकली होती.

टांग्याने थेट उद्यमनगर गाठलं, तर कारखान्याला कुलूप!

"आबा जोतिबाला गेल्यात की, पावणं," शेजारचा चहावाला म्हणाला. "झाकाण घिऊन."

माझं डोकंच फिरलं. एसटीतून उभ्यानेच डोंगर चढलो. खाली हिरवागार ऊस पसरला होता म्हणे. मी घड्याळ बघत होतो.

देवळाच्या पायऱ्यांवर आबा भेटले. मांडीवर माझं झाकण, गुलालाने माखलेलं. आट्यांतसुद्धा (स्क्रूच्या खाचांत) गुलाल!

"अहो, याला धुळीचा कण चालत नाही!" मी ओरडलोच.

"ही धूळ हाय व्हय?" आबा माझ्याहून मोठ्याने म्हणाले. "आमच्या हातचं आभाळात चाललंय. देवाला दावल्याबिगर कसं पाठवायचं? दुसरं हाय की कपाटात, कोरं; पर वर ह्येच जाऊ दे."

घरी त्यांनी तांबडा रस्सा वाढला, मग कारखान्यातला एक रिकामा केलेला कोनाडा दाखवला. "वरनं आलं की हितं ठेवायचं. आणून देणार न्हवं, सायेब?"

ते समुद्रात पडतं, हे सांगायची हिंमत झाली नाही. मी होकाराची मान हलवली.

दोन्ही झाकणं घेऊन संस्थेत परतलो. कोरं तपासलं तर त्यातून हवा गळत होती. गुलालाचं पक्कं निघालं. स्पिरिटने धुऊनही आटे गुलाबीच राहिले, आणि तेच वर गेलं. काही मिनिटं स्वच्छ संकेत आले. मी आनंदाने ओरडलो. साऱ्या धावपळीचं चीज झालं. मग संकेत थांबले. सगळे आलेख बघत होते, मी समुद्राकडे.

आज पुन्हा मिरजेला गाडी बदलली. पिशवीत ते कोरं झाकण आहे. डोळ्याला दोन्ही सारखीच. 'हेच वर जाऊन आलं' म्हणायचं, असं ठरवूनच निघालो होतो. मघाशी ते बाहेर काढून पाहिलं. आटे लखलखीत आहेत, गुलालाचा मागमूस नाही.

आबा आधी तिथेच गुलाल शोधतील. रुकडी स्टेशन मागे पडलं तरी मी गाडीच्या दारातच उभा आहे. खरं सांगावंच लागणार, आणि तो कोनाडा रिकामाच राहणार.